रखवालदार आणि त्याची नोंदवही

कोणी पाहत नसता मनुष्य जे करितो त्यावरून त्याची खरी परीक्षा होते, असे आपण मुलांस शिकवितो आणि उपदेशातही वारंवार सांगतो. हे म्हणणे खरे आहे. परंतु तेवढ्याने परीक्षा पुरी होते काय, आणि ती एकट्या त्याचीच होते काय, असा प्रश्न एका तरुणाने गेल्या वर्षी आम्हांपुढे ठेविला, व त्याचे उत्तर देताना आम्ही चुकलो. ती चूक वाचकांपुढे मांडून तीवरून आम्हांस जे सुचले ते सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

महागाव तालुक्यातील शेती बहुतेक पावसाच्या भरवशाची. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके हाती आली तर वर्ष निभावते, नाही तर नाही. म्हणून पुष्कळ घरांतील तरुण नागपूर, पुणे किंवा मुंबई ह्या शहरांची वाट धरितात. शिक्षण बेताचे व हाती कसब नाही, अशा तरुणास तेथे लवकर मिळणारे काम म्हणजे रखवालदाराचे. "पोरगा सिक्युरिटीत लागला," असे आईबाप सांगतात. शहरातील मालाच्या एका कोठारावर नोकरीस असलेला असाच एक तरुण दिवाळीत घरी आला असता आम्हांस भेटावयास आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने मनातली गोष्ट काढिली.

तो म्हणाला, "पाळकसाहेब, रात्री दर तासाला आवाराची एक फेरी घालून वहीत वेळ लिहायची व सही करायची असते. एका रात्री तीनची आणि चारची फेरी मी घातली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. पाच वाजता जागा झालो आणि दोन्ही सह्या करून टाकल्या; पुढे 'सर्व ठीक' असेही लिहिले. उजाडल्यावर पाहिले तर खरोखरच सर्व ठीक होते. कोणाचे काही गेले नाही. मग ह्यात पाप झाले काय?"

आम्ही फारसा विचार न करिता उत्तर दिले की, झाले. वेतन घेऊन झोपणे ही चोरीच होय. तो काही वेळ गप्प राहिला. मग खाली पाहत म्हणाला, "त्या दिवशी सकाळी आठपासून मी फाटकावर उभा होतो. रात्री आठ वाजता बदलीचा मनुष्य आला नाही. सुपरवायझरने फोनवर सांगितले, आजची रात्र तूच काढ." म्हणजे पहाटेचे तीन वाजले तेव्हा त्या मुलास कामावर १९ तास झाले होते. हे ऐकून आम्हांस लाज वाटली. आमचे उत्तर सर्वस्वी खोटे नव्हते. पण अर्धी गोष्ट ऐकून आम्ही पुरा निवाडा दिला होता.

रखवालीचे काम हलके, असे समजण्याची आपणांस सवय आहे. ती समजूत बरोबर नाही. आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या हा गावाचा नेमलेला चाकर असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबांनी पेशव्यांकडून घेतलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहारेकऱ्याचे काम वर्णिलेले आहे. रात्री गस्त घालावी, गावात कोण आले व कोण गेले ह्याची माहिती ठेवावी, चोरी झाल्यास चोराच्या पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावे, व तेथे तो माग पुढल्या गावच्या पहारेकऱ्याच्या हवाली करावा. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवेल त्यावर नुकसानीची जबाबदारी यावी, असाही रिवाज होता. हे काम बहुतकरून महार, रामोशी, भिल्ल अशा लोकांकडे असे. ह्यातील विपरीतपणा लक्षात घेण्याजोगा आहे. झोपेच्या वेळी गाव ज्यांच्या हाती आपला जीव व दाणागोटा सोपवी, त्यांपैकी पुष्कळांस तेच गाव दिवसा आपल्या ओट्यावर चढू देत नसे.

त्या चाकरीस वेळेची मर्यादा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी जे बिल आणिले, त्यामागे हेच दुःख होते. काम आठही प्रहरांचे, मोबदला अनिश्चित, आणि नेमलेला मनुष्य नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्याने राबावे, अशी ती स्थिती होती. पुढे १९५८ च्या कायद्याने जुन्या मुंबई इलाख्यातील कनिष्ठ गाववतने रद्द करण्यात आली. जी चोवीस तासांची चाकरी वतनाच्या दाराने बाहेर घालविली, ती बदलीचा मनुष्य न पाठविण्याच्या खिडकीतून पुन्हा आत येत असेल तर आपण सावध झाले पाहिजे.

आजच्या रखवालदारासाठी कायदे आहेत, हेही वाचकांस ठाऊक असावे. महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण ह्यांसाठी १९८१ साली अधिनियम झाला, व त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन झाली. रखवालदार पुरविणाऱ्या संस्थांनी परवाना घ्यावा व आपल्या माणसांस शिक्षण द्यावे, असा केंद्राचा कायदा २००५ सालचा आहे. त्याखालील २००६ च्या नमुना नियमांत नव्या मनुष्यास निदान २० कामाच्या दिवसांत १०० तास वर्गात व ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिकवावे असे सांगितले होते. तरी पुष्कळ ठिकाणी गणवेश व शिटी एवढेच शिक्षण समजले जाते, असे तरुणांच्या बोलण्यावरून दिसते.

मग गस्त म्हणजे काय? नुसते चालणे म्हणजे गस्त नव्हे. कुंपण कोठे वाकले आहे, कुलूप लाविले आहे की नुसते अडकविले आहे, विजेच्या पेटीजवळ जळका वास येतो काय, नळ वाहतो काय, आग विझविण्याच्या वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत काय, हे पाहावयाचे. मध्येच थांबून कान द्यावयाचा. रोज त्याच वाटेने व त्याच मिनिटास जाऊ नये, कारण चोरही घड्याळ पाहतो. पाळी संपताना किल्ल्या मोजून द्याव्या आणि रात्री जे दिसले ते पुढच्या मनुष्यास तोंडीही सांगावे. आमच्या कापसाच्या मुलुखात तर हे सर्वांस समजावे. गठाणीत शिरलेली ठिणगी बाहेर ज्वाला न दाखविता आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहते. ती डोळ्यांस दिसण्यापूर्वी नाकास कळते. म्हणून रखवालदाराचा मोठा शत्रू चोर नव्हे. आग, पाणी व वीज हे त्याहून मोठे शत्रू होत.

आणि त्याचे शस्त्र कोणते? त्याच्या हाती साध्या नागरिकाहून अधिक अधिकार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे खाजगी मनुष्याने गंभीर गुन्हा आपल्या समक्ष करणाऱ्यास धरिले तर सहा तासांच्या आत त्यास पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. मारझोड करण्याची मोकळीक कोणासही नाही. रखवालदाराचे शस्त्र म्हणजे त्याचा आवाज. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे ह्यांनी आपल्या कोठडीतून ध्वनिक्षेपकावर सूचना देऊन उतारूंस सुरक्षित वाटेने बाहेर काढिले. त्यांच्याजवळ हत्यार नव्हते. धोका कोणत्या बाजूस आहे हे त्यांनी पाहिले व तसेच सांगितले. शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याला पहारेकऱ्याची उपमा दिली आहे, तेथेही पहारेकऱ्याने शत्रूशी एकट्याने लढावे अशी अपेक्षा नाही. जे येताना दिसते ते त्याने लोकांस कळवावे, एवढीच आहे.

ह्यावरून आमचा मुद्दा निघतो. पाहणे आणि पाहिलेले खरे सांगणे, हे दोन मिळून पहारा होतो. आता त्या तरुणाने त्या रात्री दोन गोष्टी केल्या. एक, तो झोपला. दुसरी, त्याने खोटे लिहिले. आम्ही त्यास पहिल्या गोष्टीबद्दल रागावलो आणि दुसरीकडे आमचे लक्षच गेले नाही. विचारान्ती आम्हांस उलट दिसते. झोप ही शरीराची हार आहे. खोटी सही हे जाग्या हाताचे कृत्य आहे.

झोपेविषयी प्रथम पाहू. आंधळेपणाने कोणी म्हणेल की मन खंबीर असेल तर झोप येत नाही. हे खरे नाही. मनुष्याच्या देहाचे घड्याळ असे आहे की पहाटेच्या प्रहरी त्याची सावधानता सर्वांत कमी होते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोघा संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की सतत १७ तास जागलेल्या मनुष्याचे हात व नजर ह्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या मनुष्याइतके बिघडते, आणि २४ तासांनंतर ते त्याहून पुष्कळच बिघडते. आपल्या मंडळ्यांत दारूविषयी किती कडक बोलले जाते! दारू पिऊन पहाऱ्यास आलेल्या मनुष्यास कोणताही मालक फाटकावर ठेवणार नाही. मग जो त्यास चोवीस तास उभा करितो, तो आपल्याच हाताने त्यास त्या अवस्थेस नेतो, असे म्हणण्यात काय चूक आहे? बदली न पाठवून वाचविलेले पैसे ज्याच्या खिशात गेले, त्या रात्रीच्या झोपेचा मोठा वाटा त्याच्या नावे मांडिला पाहिजे.

परंतु सहीचे तसे नाही. येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही बारा-तेरा वर्षांचे असता ज्वारी हुरड्यास आली की रानडुकरे व रोही ह्यांच्यासाठी वावरात जागल करावी लागे. आमच्या वावराच्या धुऱ्यास लागून एका विधवा बाईचे वावर होते. तिच्या घरी जागलीस जाणारे कोणी नव्हते. म्हणून असे ठरले की आमच्या मचाणावरून दोन्ही वावरे राखावी, रात्रीतून चार वेळा दोहोंच्या भोवती फिरून डबा वाजवावा, आणि तिने खळ्यावर आम्हांस दोन पायली ज्वारी द्यावी. एका थंडीच्या रात्री वडील आजारी असल्यामुळे आम्ही एकटेच गेलो, घोंगडी पांघरली, आणि उजाडेपर्यंत उठलो नाही. सकाळी तिच्या वावराचा एक कोपरा आडवा झालेला होता. ती आली व तिने विचारिले, "रात्री फेरी घातली होती का रे बाबा?" आम्ही म्हणालो, "चार वेळा."

तिने आमच्या शब्दावर विश्वास ठेविला, आणि तेथेच तिचे खरे नुकसान झाले. चार फेऱ्या घालूनही डुकरे शिरतात तर जागलीचा काही उपयोग नाही, असे समजून तिने पुढल्या दोन दिवसांत कणसे पुरती भरण्यापूर्वीच ज्वारी कापून टाकिली. आम्ही झोपलो त्याने एक कोपरा गेला. आम्ही खोटे बोललो त्याने उरलेले वावर गेले. "मी झोपलो होतो" एवढे म्हटले असते तर तिने दोन शिव्या दिल्या असत्या, दुसऱ्या रात्री दुसरा कोणी पाठविला असता, आणि पीक वाचले असते. खळ्याच्या दिवशी तिने ठरल्याप्रमाणे दोन पायली ज्वारी आणून दिली, व आम्ही ती घेतली. हे आज तीस वर्षांनी प्रथमच लिहीत आहोत. ती बाई आता नाही.

ह्यावरून नोंदवहीचे काम काय ते कळते. वही ही मालकास खूश करण्यासाठी नसते. जो तेथे नव्हता त्यास काय पाहिले गेले व काय पाहिले गेले नाही, हे कळावे म्हणून असते. तीन वाजताचा चौकोन रिकामा असेल तर सकाळचा मनुष्य म्हणेल की त्या वेळी मागची बाजू कोणी पाहिलेली नाही, मी आधी तिकडे जातो. त्याच चौकोनात 'सर्व ठीक' असेल तर तो तिकडे जाणार नाही. म्हणजे खरा रिकामा चौकोनही थोडीबहुत रखवाली करितो, आणि खोटा भरलेला चौकोन दुसऱ्याचे डोळे झाकितो.

येथे कोणी म्हणेल की, काही हानी झाली नाही तर एवढा ऊहापोह कशास? हानी रोज होत नाही, म्हणूनच. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचविता आली, १० गेली. त्यात कोणाचा किती दोष, हे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की अशी रात्र आधी कळवून येत नाही. खोट्या सहीने काही झाले नाही अशा रात्री जसजशा साचतात, तसतसा हात सरावतो. आणि ज्या रात्री सहीवर जीव अवलंबून असतील ती रात्र वहीच्या पानावर इतर रात्रींसारखीच दिसते.

एके काळी लोकांस वाटले की यंत्राने हा प्रश्न सुटेल. १८५५ च्या सुमारास जर्मनीत योहानेस ब्यूर्क ह्याने पहारेकऱ्याने बरोबर न्यावयाचे घड्याळ तयार केले. आवारात ठिकठिकाणी साखळीस बांधलेल्या किल्ल्या असत. तेथे जाऊन किल्ली घड्याळात फिरविली म्हणजे आतल्या कागदावर वेळेची खूण उमटे. आता तेच काम भिंतीवरील खुणेस मोबाइल लावून करितात. ही साधने उपयोगी आहेत. त्यांवरून पाय तेथे गेले होते हे सिद्ध होते. परंतु डोळे व नाक तेथे होते की नव्हते, हे त्यांवरून कळत नाही. आणि त्या मनुष्यास कामावर किती तास झाले, हे विचारणारा मालक नसेल तर यंत्र केवळ थकलेल्यास पकडण्याचे साधन होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रिकामा चौकोन ठेविला तर नोकरी जाईल. उपाशी मनुष्याने खरे लिहावे असे म्हणणे भरल्या पोटी सोपे आहे. हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. खरे लिहिणे हे रखवालदाराचे कर्तव्य आहे. पण खरे लिहिता येईल अशी जागा ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. जो मालक रिकाम्या चौकोनाबद्दल शिक्षा करितो व भरलेल्या चौकोनाची चौकशी करीत नाही, तो खोट्या सह्या विकत घेतो, आणि पुढे खोट्या मालाबद्दल तक्रार करण्याचा त्यास हक्क राहत नाही. तरीही दोघांचे दोष एकमेकांस फेडीत नाहीत. मालकाने तास चोरिले म्हणून हाताने लिहिलेले खोटे खरे होत नाही. आणि हाताने खोटे लिहिले म्हणून चोरलेले तास परत मिळत नाहीत.

हा विषय शहरातल्या फाटकावर संपत नाही. ज्या वाचकांकडे उपदेशकाचे किंवा शिक्षकाचे काम आहे, त्यांच्याही हाती एक वही असते. ज्या घरी आपण गेलो नाही त्या घरची भेट मासिक अहवालात मांडिली जाते. जी मुले शाळेत आली नाहीत त्यांची हजेरी लागते. पावसात नाल्याला पूर होता, सायकल मोडली होती, अंगात ताप होता, ही कारणे खरी असतात; मग ती लिहावयास लाज का वाटावी? "ह्या महिन्यात अमक्या वस्तीत जाणे झाले नाही," एवढे लिहिले तर दुसरा कोणी तेथे जाऊ शकेल. आणि जे आम्ही अहवाल वाचितो, त्या आम्ही रिकामी जागा दिसताच कपाळास आठ्या घालू नयेत. आमच्या आठ्यांनी किती खोट्या भेटी लिहविल्या असतील, हे आम्हांस मोजता येत नाही.

त्या तरुणास आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावून आमचे पहिले उत्तर मागे घेतले व वरील विचार सांगितला. पुढे उन्हाळ्यात त्याचा फोन आला. पुन्हा बदली आली नव्हती, पुन्हा तीनची फेरी राहिली. ह्या वेळी त्याने चौकोन रिकामा ठेवून खाली लिहिले की, सकाळी आठपासून कामावर आहे, फेरी घातली नाही. सुपरवायझर संतापला, व त्याचे अर्ध्या दिवसाचे वेतन कापण्यात आले. आम्ही शाबासकी देऊ लागलो, पण शब्द तोंडातच राहिला. कारण कापलेले वेतन त्याचे होते आणि शाबासकी फुकटची आमची. म्हणून आम्ही त्याच्या दोन महिन्यांच्या कामाच्या तासांची यादी करविली, वहीच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावयास सांगितले, आणि कामगार अधिकाऱ्याकडे द्यावयाचा अर्ज त्याच्याबरोबर बसून लिहिला. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले वा भाऊ रखवालीच्या कामावर आहेत, त्यांस आमची एक विनंती आहे. रविवारी फोन कराल तेव्हा पगार झाला काय, हे विचाराच, पण त्याआधी, "बदली वेळेवर येते का रे?" असेही विचारा. आणि येत नाही असे त्याने सांगितले तर त्यास धीराने जागण्याचा उपदेश करून फोन ठेवू नका. कागद घेऊन बसा, तास मांडा, आणि मंडळीत ज्यास अर्ज लिहिता येतो त्याच्याकडे जा.